भुकेल्या टाकीचा अध्यक्ष

४ मे

दात काढायला म्हणून सकाळी दरीत खाली ब्रुग गावाला गेलो आणि संध्याकाळी परत आलो तो सांडपाणी समितीचा अध्यक्ष होऊन.

गाल बधिर होता, त्यामुळे बायकोने, रेगुलाने, बातमी सांगितली तेव्हा मला धड ओरडताही येईना. आज आमच्या स्टाइनमाटची ग्रामसभा होती आणि मी ती आयुष्यात पहिल्यांदा चुकवली. आमच्याकडे सभेने एखाद्याला एखाद्या कामावर निवडलं की त्याला नाही म्हणता येत नाही. दोन वर्षं निमूटपणे करायचं, नाहीतर बाडबिस्तरा उचलून दुसऱ्या गावी राहायला जायचं. म्हणून तर इथे माणसं अंगात ताप असला तरी सभेला येऊन बसतात. जो गैरहजर, त्याच्या गळ्यात घंटा.

"माझं नाव कोणी सुचवलं?"

"बाल्त्सने," बायको म्हणाली.

बाल्त्स माझा सख्खा थोरला भाऊ. आठ वर्षं आमच्यात एक शब्द झालेला नाही. चर्चच्या गायकमंडळाच्या जेवणात मी म्हणालो, की त्याच्या तळ्यातल्या ट्राउट माशांना गाळाचा वास येतो. बस, एवढंच. वास येत होता. पंगतीतल्या सगळ्यांना येत होता, बोललो मी एकटा.

"आणि तूही हात वर केलास?"

"सगळ्यांचेच वर होते. माझा एकटीचा खाली राहिला असता तर लोकांना वाटलं असतं, यांच्या घरात काहीतरी बिनसलंय."

मी न्हावी आहे. तीस वर्षं या गावाची डोकी वरून बघत आलो. आता खालून बघायची वेळ आली.

९ मे

सरपंच अलोइस दाढीला आला. तो गावच्या चीज डेअरीचाही मालक आहे, त्यामुळे त्याच्या मानेला कायम दह्याचा वास. साबण लावता लावता मी त्याला फैलावर घेतलं.

"दोन शरद ऋतू आपलं पाणी तपासणीत नापास झालंय," तो फेसातून म्हणाला. "ऑक्टोबरात तिसऱ्यांदा झालं की संपलं. आपलं सांडपाणी केंद्र बंद. गावाचं सगळं सांडपाणी नळ टाकून ब्रुगला."

"ब्रुगला!"

"वस्तरा सांभाळ रे बाबा."

ब्रुगवाल्यांनी आमच्या आजोबांच्या काळात गावचा वळू उसना नेला होता आणि म्हातारा करून परत पाठवला. त्यांच्याकडे आम्ही आमचं काहीही पाठवत नाही.

"आणि बाल्त्सचंही संपलं," अलोइस म्हणाला. "त्याची तळी केंद्राच्या खालच्या अंगाला. हिवाळ्यात लाउई नदी वर गोठते, थोडं उरतं ते वीजवाले वळवतात. मग नदीत वाहतं ते सगळं आपल्या टाकीतून सुटलेलं. कोमट असतं. त्याच्यावर त्याचे मासे जगतात. नळ टाकला की ते पाणी ब्रुगच्याही खाली सुटणार, बाल्त्सची तळी कोरडी ठणठणीत."

"म्हणजे त्याचा धंदा माझ्या हातात?"

"हो की."

"मग मलाच का? मला काय कळतं त्यातलं?"

"माझ्या एका मिशीवर तू अर्धा तास घालवतोस, माइनराड," अलोइस म्हणाला आणि डोळे मिटून पडून राहिला.

मिशीचा इथे काय संबंध, ते कळलं नाही. बाल्त्सचा डाव मात्र मला स्वच्छ दिसतो. धंदा बुडणार हे त्याला ठाऊक आहे. बुडाल्यावर बोट दाखवायला कोणीतरी हवा, म्हणून भाऊ पुढे केला.

१४ मे

केंद्र पाहिलं. ते चालवते झीटा. हीच बाई गावात टपाल वाटते आणि हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ हटवणारी गाडी हाकते. तिन्ही कामं ती एकाच आवाजात करते, म्हणजे ओरडत.

"उपाशी आहेत," तिने दारातच मला सांगितलं.

"कोण?"

"मंडळी!" तिने तपकिरी टाकीकडे हात केला.

झालंय असं, की घाण काही यंत्र साफ करत नाही. यंत्र नुसतं पाणी ढवळतं. घाण खातात ते टाकीतले जिवाणू. केंद्र बांधलं तेव्हा हॉटेल क्रोन जोरात होतं, बर्फावर घसरायला येणारे पाहुणे, भरपेट नाश्ते. म्हणून टाक्याही दोन बांधल्या, एक रोजची, एक हिवाळ्यातल्या गर्दीची. आता क्रोनला दोन वर्षं टाळं आहे, दुरुस्ती चालू आहे असं म्हणतात. आणि गावातली धडधाकट माणसं सकाळच्या बसने ब्रुगला कामाला जातात.

"दिवसभर जे आपल्या टाकीत यायला हवं, ते तिथे देऊन येतात," झीटा म्हणाली. "रात्री घरी येऊन नुसते दात घासतात. दात घासलेल्या पाण्यावर कोण जगेल?"

तिने मला सूक्ष्मदर्शकातून एक थेंब दाखवला. मी कंटाळून डोळा लावला आणि पाऊण तास उठलोच नाही. देठावर उभा असलेला घंटेएवढ्या आकाराचा, म्हणजे घंटेसारख्या आकाराचा, एक इवलासा प्राणी, आणि त्याच्या तोंडाभोवती केसांची झालर! एकसारखी! एक केस लांब नाही, एक आखूड नाही. असं काम मी तीस वर्षांत एकदाही केलेलं नाही.

"हा एकच उरलाय," झीटा म्हणाली. "पूर्वी शेकडो असायचे."

घरी येऊन जेवण गेलं नाही. रेगुला म्हणाली, वासामुळे असेल.

२ जून

विशेष ग्रामसभा. मी गावासमोर उभा राहून म्हणालो, "मित्रहो, आपली टाकी उपाशी आहे." हंशा पिकेल असं वाटलं होतं. कोणी हसलं नाही. आमच्या गावात जनावर उपाशी आहे म्हटलं की माणसं गंभीर होतात.

इथे दर घराला वर्षातले तीन दिवस गावकाम असतं. पायवाटा दुरुस्त करायच्या, हिमलोटाच्या भिंतींचे दगड रचायचे. माझा ठराव असा होता, की ब्रुगमध्ये नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने आपला विधी शक्यतो घरी येऊन करावा आणि तो गावकामात धरला जावा.

"बसला पाऊण तास लागतो," मागून कोणीतरी म्हणालं. "वळणं मोजलीत का?"

"'शक्यतो' कशाला? काम म्हणजे काम."

"आणि ज्यांना होतच नाही त्यांनी?" वाणीणबाईने विचारलं. "त्यांना दंड करणार?"

"त्यांना सूट. डॉक्टरची चिठ्ठी आणायची," सरपंच म्हणाला.

म्हातारा गुस्ती उठला. "मी अजूनही दगड उचलीन. पण असली चिठ्ठी घेऊन या सभेत पाऊल टाकणार नाही."

"इतकी वर्षं ब्रुगवाल्यांना फुकट देत आलो आपण," वाणीणबाई तावातावाने म्हणाली. "एकदा तरी आभार मानले का त्यांनी?"

यावर टाळ्या पडल्या. बाल्त्स दाराशी टेकून उभा होता. केस स्वतःच मेंढ्यांच्या कात्रीने कापलेले, मागून कुरतडल्यासारखे. एका रक्ताच्या माणसाचं डोकं तसं बघवत नाही. तो एवढंच म्हणाला, "हळूहळू द्या. उपाशी पोटाला एकदम घास भरवला तर ते मरतं."

सूचनेची नोंद घेतली असं सरपंच म्हणाला, आणि कोणीच नोंद घेतली नाही. ठराव प्रचंड बहुमताने मंजूर.

११ जून

संध्याकाळची बस बघण्यासारखी झाली आहे. पूर्वी लोक उतरून चौकात गप्पा मारत. आता दार उघडायच्या आत रांग, दार उघडलं की घोड्यांच्या शर्यतीसारखे सगळे पांगतात. ड्रायव्हर म्हणतो, वळणांवर बसमध्ये इतकी शांतता चर्चमध्येसुद्धा नसते.

२५ जून

गावाच्या वेशीवर गिर्यारोहकांसाठी पाटी लावली: "पाहुण्यांनो, पुढे जाण्याआधी थांबा. कॉफी आणि आलुबुखाराचा मुरांबा मोफत." खाली बाण, स्वच्छतागृहाकडे. मजकूर माझा.

एका जर्मन जोडप्याने तीन वाट्या मुरांबा खाल्ला आणि तसंच पुढे खिंडीकडे निघालं. झीटा टपालाची गाडी घेऊन मागे धावली. परत आणले त्यांना.

३ जुलै

आज सकाळी दुकानाच्या दाराच्या मुठीला एक मेलेला मासा टांगलेला होता. ट्राउट. शेपटीला सुतळी.

असल्या गोष्टी दक्षिणेकडे, माफियांच्या मुलखात, होतात असं ऐकलं होतं. आपल्या भावाकडून होतील असं वाटलं नव्हतं. सरपंचाकडे तक्रार लिहून दिली: धमकी, माशाद्वारे.

रेगुलाने मासा नाकाजवळ नेला, दोनदा हुंगला आणि लोण्यात परतला. "कसलाही वास नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाली, "अजिबात नाही, माइनराड."

मी म्हटलं, धमकीला वास नसतोच.

मासा चवीला उत्तम होता, हे इथे लिहायला हरकत नाही.

१ ऑगस्ट

राष्ट्रीय दिन. डोंगरावर होळ्या पेटल्या, भाषणं झाली. सरपंच स्वातंत्र्यावर बोलला, मी टाकीवर. मला टाळ्या जास्त पडल्या. ठरल्याप्रमाणे प्रत्येक घराने नातेवाईक बोलावले आहेत. आमच्याकडे रेगुलाची बहीण, तिचा नवरा आणि कुस्ती खेळणारे चार मुलगे. पूर्वी हे लोक आले की माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या. या वेळी मी स्वतः त्यांच्या ताटात बटाटा-मॅकरोनी वाढत होतो, वर साय, वर सफरचंदाची चटणी. "अजून घ्या, अजून घ्या." मेव्हणीचे डोळे पाणावले. म्हणाली, "तू आम्हाला इतकं आपलं मानतोस हे मला ठाऊकच नव्हतं रे."

९ ऑगस्ट

सूक्ष्मदर्शकात दहा-बारा झालरवाले. मी झीटाला मिठी मारली. तिने सांगितलं, पुन्हा मारलीस तर हात मोडीन.

दाराला आणखी एक मासा. पहिल्यापेक्षा मोठा. म्हणजे धमकी वाढते आहे. सरपंच माझी तक्रार पुढे सरकवत नाही, वर विचारतो, "लिंबू पिळलंस का त्याच्यावर?"

१९ सप्टेंबर

पाणी इतकं स्वच्छ की झीटाने काचेच्या नळीत भरून माझ्या तोंडासमोर धरलं आणि नळीपलीकडून जीभ काढून दाखवली. जिभेवरचा प्रत्येक ठिपका दिसला.

आता ही टाकी मला झोपेतही दिसते. सकाळी दुकान उघडायच्या आधी मी तिकडे जाऊन येतो. गिऱ्हाइकाला पूर्वी विचारायचो, घरचे कसे आहेत? आता विचारतो, काय खाल्लंत काल? रेगुला म्हणते, तू आपल्या लग्नाच्या वर्षीही इतका आनंदी नव्हतास. खरं असेल. लग्नाच्या वर्षी माझ्यावर इतकं काही अवलंबून नव्हतं.

महिन्यातला तिसरा मासा. मी आता तक्रार करत नाही, सुतळी तेवढी जपून ठेवतो, पुरावा म्हणून.

तपासणी १७ ऑक्टोबरला, दुपारी.

१७ ऑक्टोबर

उशीर झालाय. तरी आजच लिहायला हवं.

सकाळी झीटाचा फोन. ती ओरडत नव्हती. त्यावरूनच माझ्या तोंडचं पाणी पळालं.

टाकीवर फेस चढला होता. पांढरा, जाड, माणसाच्या छातीएवढा, कठड्यावरून गवतावर उतरत होता. खालचं पाणी दुधासारखं. हवेत आंबूस वास, त्यात दारूचा, त्यात आणखी कसला तरी गोड. अर्धं गाव कुंपणाशी उभं होतं आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता.

"मी फक्त निवळी सोडली," अलोइस पुटपुटला. चीज काढल्यावर उरते ती. "म्हटलं, तपासणीच्या दिवशी तरी पोटभर."

"किती?"

"आठवड्याची."

"आम्ही फक्त आलुबुखाराचा लगदा," गुस्ती म्हणाला. "गाळून उरलेला. सगळाच नाही."

"नेमबाज मंडळाची उरलेली बिअर."

"केकवरचं आयसिंग. एकच डबा. मोठा."

प्रत्येकाने आपल्यापुरतं, दुसऱ्याला न सांगता, थोडंसंच दिलं होतं. मी मागे वळलो. रेगुला खाली मान घालून उभी.

"तूसुद्धा?"

"एक पातेलं साय. तुझ्यासाठी केलं रे."

बाल्त्स सभेत काय म्हणाला होता, ते तेव्हा सगळ्यांना आठवलं असावं.

झीटा मला पंपघराच्या आत घेऊन गेली. दोन रस्ते होते. पहिला: नदीकडचं दार सताड उघडायचं, अग्निशामक नळातून डोंगराचं पाणी सोडून टाक्या धुऊन काढायच्या. दोन तासांत सगळा पांढरा राडा लाउईत. दुपारपर्यंत टाकीत नुसतं झऱ्याचं पाणी, साहेब नमुना घेणार, आपण पास. दुसरा: नदीचं दार बंद करून सगळं हिवाळ्याच्या रिकाम्या टाकीत वळवायचं. तिथे मंडळी ते चार-पाच दिवसांत खाऊन टाकतील. पण आज दाखवायला पाणी नाही.

"पहिल्यात नदीचं काय होईल?"

"ब्रुगपर्यंत एक मासा उरणार नाही. निवळी पाण्यातला सगळा श्वास खाते."

"आणि दुसऱ्यात?"

"नापास. नळ. पुढच्या हिवाळ्यात बाल्त्सची तळी संपली."

मी उतारावरून धावत त्याच्याकडे गेलो. वाटेत दोनदा घसरलो. तो तळ्याच्या काठावर माशांना खाणं टाकत होता. आठ वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलावं, याचा मी कधीकधी विचार केला होता. त्यातलं एकही बोललो नाही. धापा टाकत सगळं सांगून टाकलं, निवळी, बिअर, साय, दोन्ही रस्ते.

त्याने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"तळ्यांना दार आहे," तो म्हणाला. "मी ते लावीन. काही तास निभतील माझे."

"मग सोडू नदीत? पास होऊ आपण. तुझी तळी राहतील."

"आणि नदीतल्यांना दार कोण लावणार?"

"बाल्त्स, दार बंद ठेवलं तर पुढच्या हिवाळ्यात तुझ्याकडे थेंब येणार नाही."

"माझ्या तळ्यांचं काय होतं ते मला कळतं. तू कशाला विचारायला आलास? बंद तर करून आलायस."

तो माझ्या हातांकडे बघत होता. दोन्ही तळवे दाराच्या चाकाच्या गंजाने लाल झाले होते.

"फक्त तुला विचारेपर्यंत," मी म्हणालो.

"ठेव तसंच," तो म्हणाला, आणि पुन्हा खाणं टाकायला लागला. खाणं मात्र काठावरच सांडत होतं.

दुपारी कँटनचे, म्हणजे प्रांत सरकारचे, साहेब आले, श्री. ब्युंटेनर. काळी बॅग, पांढरे हातमोजे. नदीकडच्या तोंडाशी वाकून बराच वेळ बघत राहिले.

"पाणी कुठे आहे?"

"आज नाही," मी म्हणालो.

"आज नाही म्हणजे?"

"आम्ही थांबवलंय. आत ते खराब होतं. नदीत जाऊ दिलं नाही."

"मग मी तपासू काय?"

"तुम्ही शुक्रवारी या. शुक्रवारी इतकं सुंदर असेल ना साहेब..."

"शुक्रवारी माझी दुसरी दरी आहे. नमुना वर्षातून एकदाच." त्यांनी कागदावर खूण केली. "पाणी नाही म्हणजे केंद्र चालू नाही. चालू नाही म्हणजे नापास." मग ते पुलावर जाऊन उभे राहिले आणि कौतुकाने म्हणाले, "नदी मात्र काय सुरेख ठेवलीत हो! तळाचा गोटा न् गोटा दिसतोय."

"म्हणूनच तर आम्ही..."

"पण नदी माझ्या विभागात येत नाही," ते म्हणाले, आणि मुरांब्याची वाटी घेऊन गाडीत बसले.

मला इतका राग कधी आला नव्हता. त्यांनी आमच्याकडचं स्वच्छतागृहसुद्धा वापरलं नाही.

२१ ऑक्टोबर

हिवाळ्याची टाकी साफ. सगळं खाल्लं मंडळींनी, बिअरसकट. पाणी आरशासारखं आहे आणि ते बघायला आता कोणी येणार नाही. नदीचं दार उघडलं. झीटा चाक फिरवत होती आणि शिव्या देत होती, कोणाला ते कळलं नाही.

३० ऑक्टोबर

बाल्त्स मासे आत्ताच नदीत सोडतोय, अंडी घालायच्या आत, असं रेगुलाने सांगितलं. दुकानाला कुलूप लावून गेलो. त्याने बोलावलं नव्हतं. येऊ नको असंही म्हणाला नाही.

खाण्याजोगे मासे त्याने ब्रुगच्या खाणावळीला देऊन टाकले. राहिल्या त्या आया, अंड्यांनी भरलेल्या, पाच-सहा वर्षं वाढवलेल्या. नदीतल्याच जातीच्या.

"यांनाही कोणी घेईल की," मी म्हणालो.

"आया देत नाही मी कोणाला."

दुधाच्या कॅनमधून एकेक मासा नेत होतो. पहिला मी ओतायला गेलो तर तो खेकसला, "ओततोस काय, सूप आहे का ते? कॅन पाण्यात आडवा कर. तिची ती जाईल." मी कॅन आडवा केला. बराच वेळ काही झालं नाही. मग माझ्या मनगटाला काहीतरी थंड घासून गेलं, आणि कॅन हलका झाला.

शेवटचा कॅन त्याने एकट्याने नेला. मी काठावर थांबलो. त्याची पाठ मला दिसत होती आणि मागून ते कुरतडलेलं डोकं. माझा भाऊ आज म्हातारा दिसला. हे सगळं माझ्या हाताने झालं. दार बंद केलं त्याचा पश्चात्ताप नाही, पण वाईट इतकं वाटतंय की हातात वस्तरा धरवत नाही. अलोइसला उद्या ये म्हणून सांगितलं.

१३ नोव्हेंबर

काल ब्रुगच्या ग्रामसभेत आमच्या नळाचा विषय होता. त्यांनी तो फेटाळला! निवळी, बिअर आणि आयसिंगची गोष्ट तिकडे पोचली होती. एक जण उभा राहून म्हणाला म्हणे, "स्टाइनमाटवाले काय काय सोडतात देव जाणे. त्यांचं आपल्याकडे नको."

बातमी आली तेव्हा चौकात आनंद व्हायला हवा होता. उलट सगळ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"आमच्यात काय वाईट आहे?" वाणीणबाई कडाडली. "इतकी वर्षं चाललं ते त्यांना!"

"निषेध पाठवू," गुस्ती म्हणाला.

कँटनचा निकाल असा आला, की आमचं केंद्र बंद आहे, परंतु नळ नसल्यामुळे ते बंद करता येत नाही, तरी बंद केंद्राने पूर्वीप्रमाणे काम करत राहावं. अध्यक्षाची मुदतही तोवर चालू. मी अलोइसला विचारलं, याचा अर्थ काय? तो म्हणाला, अर्थ असा की उद्या सकाळी झीटा जाऊन पंप सुरू करेल.

मी कागद घेऊन बाल्त्सकडे पळालो. तो रिकाम्या तळ्यात उभा राहून गाळ काढत होता. त्याने कागद वाचला, घडी घातली, परत दिला.

"दोन आठवडे उशिरा," तो म्हणाला.

मीही बूट काढले, तळ्यात उतरलो आणि दुसरं फावडं घेतलं. अंधार पडेपर्यंत गाळ काढला. कशासाठी, ते दोघांनीही विचारलं नाही.

२ डिसेंबर

आज सकाळी बाल्त्स दुकानात आला. खुर्चीत एक गिऱ्हाईक होतं, अर्धी दाढी झालेलं. "चल," तो म्हणाला. मी गिऱ्हाइकाच्या हातात टॉवेल दिला आणि निघालो.

वरच्या अंगाला लाउई गोठली आहे. आमच्या केंद्राच्या तोंडापासून मात्र ती वाहते, अंगातून थोडी वाफ निघते. तिथल्या लाकडी पुलावर त्याने मला पालथं झोपायला लावलं आणि स्वतः शेजारी आडवा झाला. फळ्या बर्फासारख्या गार होत्या. आईच्या हातचा मार चुकवायला आम्ही असेच गोठ्याच्या माळ्यावर पडून राहायचो, हे आठवलं.

"खाली बघ. पांढऱ्या गोट्याच्या उजवीकडे."

आधी काही दिसेना. मग वाळूत एक सावली कुशीवर झाली आणि शेपटीने खडे उडवू लागली. एकदा, पुन्हा, पुन्हा. तिच्यामागे दुसरी. पलीकडे आणखी दोघी.

"खड्डा करतेय," तो अगदी हळू म्हणाला. "अंड्यांसाठी. वर सगळं गोठणार. इथलं नाही."

"तुझ्याच आहेत का रे?"

"ओळखू येत नाही आता. नदीतल्या झाल्या." त्याने हनुवटी फळीवर टेकवली. "पाणी मात्र तुझं आहे."

डोळे भरून आले आणि नाक पुसायला मी हात वर घेतला.

"हलू नकोस," बाल्त्स म्हणाला. "सावली पडते त्यांच्यावर."

मी हललो नाही.